कागदाबाहेर राहिलेला शब्द

३० ऑक्टोबर १८८८ या दिवशी, आजच्या झिम्बाब्वेतील बुलावायो येथे आपल्या राजधानीत, न्डेबेले राज्याचा अधिपती लोबेंगुला याने चार्ल्स रड, रॉचफोर्ट मॅग्वायर आणि फ्रान्सिस थॉम्प्सन या तिघांनी पुढे ठेवलेल्या दस्तऐवजावर आपली निशाणी केली. राजाने द्यावयाचे काय आणि त्याला मिळावयाचे काय, हे त्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिले होते. राज्यातील यच्चयावत खनिजांचा मक्ता त्याने द्यावयाचा होता, आणि त्याच्या मोबदल्यात एक हजार मार्टिनी-हेन्री बंदुका, एक लक्ष काडतुसे, दरमहा शंभर पौंडांची नेमणूक व झांबेझी नदीवर एक सशस्त्र आगबोट त्याला मिळावयाची होती. खोदकामासाठी दहांपेक्षा अधिक गोरी माणसे या मुलखात येणार नाहीत आणि जी येतील ती राजाच्या हुकमतीखाली राहतील, हे वचन मात्र लिहिलेले नव्हते. ते तोंडी दिले गेले होते. त्या प्रसंगी दुभाष्याचे काम करणारा मिशनरी चार्ल्स हेल्म याने पुढे स्वतःच्या पत्रात तशी ग्वाही दिली आहे. लोबेंगुलाला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि ज्या समाजात राजाच्या व सरदारांच्या समक्ष उच्चारलेला शब्द हाच करार असतो, त्या समाजाच्या प्रमुखाने त्या शब्दावर विश्वास ठेवावा यात अप्रगल्भता काही नव्हती.

त्या तोंडी वचनाचे काय झाले ते इतिहासाला ठाऊक आहे. फसगत ध्यानात येताच राजाने आपले दोन वृद्ध सरदार थेट व्हिक्टोरिया राणीच्या भेटीस लंडनला धाडले, मक्ता नाकारल्याचे कळवले. परंतु रड आणि त्याचे सोबती ज्याच्या वतीने आले होते त्या सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीला ऑक्टोबर १८८९ मध्ये राणीची सनद मिळाली, आणि १८९० साली दहांच्या जागी शेकडो सशस्त्र वसाहतवाल्यांचा तांडा उत्तरेकडे सरकला. १८९३ च्या युद्धात कंपनीच्या प्रत्येक स्वयंसैनिकाला सहा हजार एकरांची शेती, सोन्याच्या खाणीचे वाटे आणि लुटीच्या गुरांतला हिस्सा आधीच कबूल केलेला होता. म्हणजे ज्या जमिनीसाठी लढावयाचे तिची वाटणी लढाईपूर्वीच कागदावर होऊन चुकली होती. शांगानी आणि बेंबेसी येथे मॅक्सिम तोफांनी जे करावयाचे ते केले. राजा राजधानी पेटवून उत्तरेकडे निघून गेला व १८९४ च्या आरंभी परागंदा अवस्थेतच मरण पावला. त्याच्या प्रजेसाठी ग्वाई आणि शांगानी येथील दोन रुक्ष, निर्जल टापू राखून ठेवण्यात आले. १८९६ चा उठाव चिरडला गेला, आणि १९३० च्या कायद्याने तर सबंध देशाची जमीन वर्णानुसार वाटून टाकली. न्डेबेले लोकही त्या भूमीत दक्षिणेकडून, दोन पिढ्यांपूर्वी, शोना जनतेवर तलवार गाजवीत आले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. पण एका विजेत्याच्या अन्यायाने दुसऱ्याचा अन्याय न्याय्य ठरत नाही.

नंदुरबारच्या वाचकापुढे ही दूरदेशीची कथा मांडण्याचे प्रयोजन असे की, तापीच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरमाथ्यावर हेच प्रकरण निराळ्या वेषात, अधिक मंद गतीने आणि पुष्कळ अंशी आपल्याच माणसांच्या हातून घडले आहे. आफ्रिकेतील गोऱ्या वसाहतवाल्यांविषयी आपल्याला संताप येतो तो रास्तच आहे. तितक्याच निःसंकोचपणे शहादे-तळोद्याच्या सपाटीचा इतिहास आपण अद्याप वाचलेला नाही, ही माझी तक्रार आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, तेव्हा सातपुडा ही कोणाची ओसाड, बेवारस मालमत्ता नव्हती. काठी, चिखली, नाला, सिंगपूर, नवलपूर आणि गव्हाळी अशी सहा मेवासी संस्थाने तेथे होती; त्यांचे भिल्ल अधिपती होते, त्यांची न्यायाची रीत होती, आणि काठीची राजवाडी होळी आजही हजारोंच्या साक्षीने पेटते ती त्या सत्तेचीच जिवंत खूण आहे. सपाटीवरील गावांकडून भिल्ल नाईकांना गिरासाचा हक्क, म्हणजे ठरलेले देणे, पोचत असे, आणि घाटवाटांची राखण हा त्यांचा परंपरागत अधिकार होता. मराठी अमलात या हक्कांचा नेहमी आदर झाला असे कोणी समजू नये. १८०४ च्या सुमारास कोपरगावी बाळाजी लक्ष्मण या सरसुभ्याने भिल्लांना विश्वासाने बोलावून जो घात केला, तो आमच्याच राजवटीच्या खाती नोंदलेला आहे. आणि त्याच सुमाराच्या दुष्काळाने व फौजांच्या धुमाकुळाने खानदेश उजाड झाला, तेव्हा पोटासाठी डोंगर उतरणाऱ्या माणसाला दरोडेखोर हे एकच नाव देण्याची सवय सर्वच सत्ताधीशांना जडली.

इंग्रजांनी प्रथम फौजा पाठवल्या. डोंगरातल्या हिवतापाने त्या फौजा जेरीस आणल्या, नाईक पकडले गेले तरी त्यांच्या जागी नवे नाईक उभे राहिले, आणि सात वर्षांच्या अनुभवानंतर १८२५ मध्ये मुंबई सरकारने धोरण पालटले. जेम्स औट्राम या तरुण लेफ्टनंटाने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारली. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांपैकी वायव्य एजन्सीकडे नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर आणि डांगचे राजे यांचा कारभार होता व तिचे ठाणे तापीकाठी कुकरमुंड्यास होते. नांगर धरणाऱ्या भिल्लाला बैल आणि बियाण्यासाठी तगाई मिळू लागली, जुने गुन्हे माफ झाले, गिरासाच्या हक्काबद्दल रोख नेमणुका बांधून दिल्या गेल्या. या धोरणात सहृदयतेचा अंश नव्हता असे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. परंतु याच शांततेच्या छायेत जमीन निसटू लागली, आणि तिला अडवण्याचे सामर्थ्य ना औट्रामच्या पलटणीत होते, ना तगाईच्या रकमेत.

कारण शांततेबरोबर मोजणी आली, मोजणीबरोबर रोख सारा आला, आणि रोख साऱ्याबरोबर सावकार आला. जमीन ही विकता येणारी, गहाण टाकता येणारी आणि दिवाणी अदालतीच्या हुकूमनाम्यावर जप्त होणारी वस्तू ठरली. ज्या भिल्ल कुटुंबाने रान साफ करून पहिल्यांदा नांगर घातला, त्याच्याकडे वहिवाट होती, शेजाऱ्यांची साक्ष होती, गावदेवतेसमोर उच्चारलेला शब्द होता. सावकाराकडे गहाणखत होते. अदालतीत गहाणखत बोलत असे. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, पुढे शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्याची रेल्वे नंदुरबारवरून धावू लागली, आणि काळ्या कसदार जमिनीला जो भाव आला तो तिच्या मूळ कसणाऱ्याच्या मुळावर आला. गुजरातेकडून आणि अन्य भागांतून आलेले मेहनती शेतकरी या सपाटीवर वसले. त्यांच्या उद्यमशीलतेविषयी मला आदर आहे, त्यांच्यातील पुष्कळांनी स्वतःच्या घामानेच शेती फुलवली आहे, आणि आज कसणाऱ्या नातवाला पणजोबाच्या व्यवहाराबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे मी म्हणत नाही. मात्र फळ उघड आहे: जो भिल्ल त्या शेताचा धनी होता तो त्याच शेतावर सालदार झाला, वर्षाच्या करारावर राबू लागला, आणि उचल फिटली नाही म्हणून पुढच्या सालासाठी पुन्हा बांधला गेला.

डोंगरी मुलखात हेच काम इजाऱ्याने झाले. नवापूरच्या सरहद्दीला लागून असलेल्या डांगच्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ च्या सुमारास जंगलाचा इजारा घेतला; सागवानाची ती संपत्ती सरकारच्या हाती गेली आणि राजांच्या वाट्याला वर्षासनाची रक्कम उरली. लोबेंगुलाच्या दरमहा शंभर पौंडांची आठवण येथे कोणाला झाली तर ती अस्थानी नव्हे. सातपुड्यात राखीव जंगलाच्या कायद्याने तेच घडवले: ज्या रानात पूर्वज जगले त्या रानात वंशज अतिक्रमण करणारे ठरले, आणि आपल्याच नेवाड्याबद्दल, म्हणजे रानात कसलेल्या शेताबद्दल, दंडाची पावती घेऊ लागले.

हे सारे मुकाट्याने सोसले गेले असा समज मात्र चुकीचा आहे. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उठला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या लढाईत सातपुड्याचा भिल्ल इंग्रजी फौजेशी समोरासमोर झुंजला. पुढे १९३० च्या दशकात मोरवड येथे गुला महाराजांनी आप धर्माची शिकवण दिली, दारू सोडा, स्वच्छ राहा, कोणापुढे लाचार होऊ नका असे सांगितले. त्यांच्यामागून रामदास महाराजांनी ती चळवळ चालवली, आणि २ मार्च १९४३ रोजी तळोदे तालुक्यातील रावलापाणी येथे निःशस्त्र भाविकांवर सरकारी बंदुका चालल्या. १९४२ च्या आंदोलनात नंदुरबारला गोळी झेललेल्या शिरीषकुमाराचे बलिदान प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे आणि ते असावेच. त्यानंतर सहाच महिन्यांनी त्याच जिल्ह्याच्या डोंगरात पडलेल्या माणसांना मात्र आपल्या स्मरणात तेवढी जागा मिळालेली नाही, याचे मला अतिशय दुःख होते.

स्वातंत्र्यानंतर मेवासी संस्थानांचे मालकी हक्क १९६१ च्या विनियमाने संपुष्टात आले, ते लोकशाहीला धरूनच झाले. पण सपाटीवरच्या गहाणखतांचा अंमल चालूच राहिला. मे १९७१ मध्ये शहादे तालुक्यात आदिवासींवरील हल्ल्याचे पाटीलवाडी प्रकरण घडले आणि त्याने सबंध महाराष्ट्राला हादरवले. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती हे भजने गाणारे, भिल्ल आदिवासी सेवा मंडळाचे काम करणारे तरुण कार्यकर्ते त्या संतापाला वाणी देण्यास पुढे आले, आणि ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भू-मुक्ती मेळावा भरला. श्रमिक संघटना त्याच वर्षी उभी राहिली. सालदारांची मजुरी, गमावलेल्या जमिनी आणि पुढे दारूचे गुत्ते फोडणाऱ्या आदिवासी स्त्रिया यांनी जो इतिहास घडवला, त्याच्या दबावाखालीच १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा झाला, असे मी मानतो. अंबरसिंग त्याच वर्षी, अकाली, निधन पावले. तो कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरांपुरता आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात जे गेले, ते त्याच्या दृष्टिक्षेपाबाहेर आहे.

सपाटीचे हे गेलेपण मी उलटवू पाहत नाही. एवढ्या पिढ्यांनंतर ते कोणालाही साधणार नाही. डोंगरात जे अद्याप हाती आहे त्याविषयी मात्र माझे म्हणणे ठाम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट मान्य करण्याचे अभिवचन दिले, आणि त्याखालील नियमांत एक फार मोठी गोष्ट केली: दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन हा पुरावा म्हणून स्वीकारला. ब्रिटिश अदालतीने जे कधी मानले नाही, ते स्वतंत्र भारताच्या कायद्याने मानले. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांची दीर्घकाळ धड मोजणीही झाली नव्हती, तेथील माणसाकडे याहून अधिक सच्चा पुरावा असणार तरी कोणता? सरदार सरोवराच्या पाण्याखाली मणिबेलीसारखी गावे गेली, तेव्हा आपण येथे राहत होतो हे सिद्ध करण्यासाठी डोंगरातल्या कुटुंबांना जी धावाधाव करावी लागली, ती ज्यांनी पाहिली त्यांना या नियमाचे मोल समजावून सांगावे लागू नये.

असे असता, दंडाची पावती कोठे आहे, उपग्रहाच्या छायाचित्रात नांगरट दिसते काय, अशी विचारणा करून दावे परत पाठवले जातात, आणि ग्रामसभेपुढे पाड्यातल्या म्हाताऱ्याने दिलेली साक्ष कागदांच्या तळाशी पडून राहते. दंडाची पावती ज्याला मिळाली तो सापडला एवढेच तिच्यावरून ठरते. जो सापडला नाही त्याचा हक्क त्यामुळे उणा होत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत उन्हातान्हात चालत गेलेल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या मागण्यांत वनजमिनीचे हे दावे अग्रभागी होते, आणि त्यांच्या रक्ताळलेल्या पावलांनी शहराचे मन द्रवले. मन द्रवून दावा निकालात निघत नाही. उपविभागीय आणि जिल्हा समित्यांनी प्रत्येक फेटाळलेला दावा पुन्हा उघडावा; वृद्धाची साक्ष त्याच्या पावरी, भिली किंवा मावची बोलीत ऐकून, त्या बोलीच्या जाणत्याकडून उतरवून घ्यावी व त्याला वाचून दाखवावी; आणि ती अमान्य करावयाची झाल्यास का अमान्य केली, याची कारणे अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून, मराठीबरोबर त्याच्या बोलीतही समजावून, ग्रामसभेच्या हाती द्यावीत, म्हणजे अपिलाचा मार्ग त्याला खुला राहील.