याकोबाची चौदा वर्षे

प्रेमविवाहाला पवित्र शास्त्रात आधार आहे काय, असे कोणी विचारले की आमचे ख्रिस्ती स्नेही लगेच याकोबाला पुढे करतात. विहिरीवर राहेल दिसली, मन जडले, आणि तिच्यासाठी तो मामाकडे सात वर्षे राबला. तीही त्याला थोडकीच वाटली. गेल्या पावसाळ्यात दाभोसा येथे हीच कथा मी पुन्हा ऐकली. समोर लेंडी नदी कड्यावरून कोसळत होती आणि आमच्यातले एक गृहस्थ प्रेमात पडणे किती पवित्र ते समजावीत होते. (पडणे नदीला शोभते. माणसाने आधी खाली पाहावे.)

याकोबाविषयी माझी तक्रार नाही. त्याचे प्रेम खरेच होते. तक्रार आहे ती कथा अर्ध्यावर सोडणाऱ्यांविषयी. उत्पत्तीचा एकोणतिसावा अध्याय जरा पुढे वाचा की! लग्नाच्या रात्री लाबान थोरल्या लेआला आत धाडतो. राहेल आठवड्याने मिळते, पण आणखी सात वर्षांच्या चाकरीच्या बोलीवर. नवरी आधी, मजुरी मागाहून.

हा व्यवहार आपल्या मुलखाला अनोळखी नाही. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या डहाणूकडे वारली तरुण लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढी आणि ते फिटेतो, पुष्कळदा जन्मभर, त्याच्या शेतावर राबे. बायकोही त्याच्याबरोबर जुंपली जाई. त्याला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा लग्नगडी मोकळे करणे ही त्या लढ्यातली मोठी मागणी होती. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही सारी हकीकत लिहून ठेवली आहे. त्या गड्याचे आपल्या बायकोवर प्रेम नसेल काय? असेलच. म्हणून सावकाराला प्रेमाचा पाठीराखा म्हणावयाचे काय? मग लाबानाच्या हिशेबावर 'प्रेमाची कसोटी' अशी चिठ्ठी का चिकटवता?

आणि ज्या मुलींसाठी हे सारे घडले, त्यांना काय वाटले? शास्त्राने तेही लपवलेले नाही. एकतिसाव्या अध्यायात राहेल आणि लेआ दोघी याकोबाला स्पष्ट सांगतात की बापाने आम्हांला विकले आणि तो पैसाही खाऊन टाकला. लग्नाच्या प्रवचनांत हे मी अद्याप एकदाही ऐकलेले नाही.

निघताना राहेलने बापाचे देव उचलले, उंटाच्या खोगिरात दडवले आणि वर बसून राहिली. लाबानाने सगळा तंबू धुंडाळला. ती काही जागची उठली नाही.