ट्रॅक्टर कोणाला कळतो?

दसरा-दिवाळी तोंडावर आली की वाशीम, कारंजा, रिसोडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या दुकानांपुढे झेंडूच्या माळा चढतात. आमच्या मालाचा भाव पडण्याचा जो हंगाम, तोच आमच्या गळ्यात यंत्रे बांधण्याचाही हंगाम. दुकानात इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा चहा मागवतो, रंगीत कागद पुढे करतो आणि हप्ता सांगायला लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, हे त्याला तोंडपाठ आहे. आता त्याला एकच प्रश्न विचारून पाहा. पीटीओचे ५४० फेरे मिळवायला इंजीन किती फेऱ्यांवर चालवावे लागते? तो साहेबाकडे बघतो. साहेब कंपनीच्या माणसाला फोन लावतो. आणि बाहेर कडुनिंबाखाली भाड्याच्या गाडीवर बसलेला, चार हंगाम रोटाव्हेटर आणि मळणीयंत्र चालवलेला ड्रायव्हर हसतो. त्याला उत्तर ठाऊक असते, कारण त्या उत्तरावर दर तासाचे डिझेल ठरते.

दुकानातल्या पोराला आम्ही दोष देत नाही. गेल्या साली तो मोबाईल विकत होता, पुढच्या साली विमा विकेल. त्याचा पगार गाड्या किती गेल्या यावर ठरतो, गाडी शेतात कशी चालते यावर नाही. कंपनीचा प्रतिनिधी येतो तोही आठवड्याला चार तालुके फिरणारा. प्रात्यक्षिक ठेवतो ते एप्रिल-मे महिन्यात, कोरड्या वावरात. कोरड्या वावरात कोणतीही गाडी पळते. मिरगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जमीन वरून सुकलेली आणि चार बोटांखाली लोण्यासारखी असताना, या काळ्या मातीत चाक किती घसरते, ते दाखवायला यातला एकही येत नाही. ते ज्याचे त्याला कळते. चाकात पाणी भरायचे की पुढे वजन लावायचे, हे मंगरूळपीरच्या भारी जमिनीत एक आणि मालेगावच्या मुरमाड उतारावर दुसरे असते. कंपनीचे माहितीपुस्तक दोन्हीकडे एकच.

अश्वशक्तीचीच गोष्ट घ्या. दुकानात ४५ अश्वशक्ती सांगतात ती इंजिनाची. रोटाव्हेटर फिरवायला मिळते ती पीटीओवरची, आणि ती ३८-४० च्या आसपास भरते. मधली कुठे गेली? गिअरात आणि दांड्यांत. ही चोरी नव्हे, यंत्राचा धर्म आहे. पण विकताना मोठा आकडा सांगायचा आणि कामाचा आकडा गाळायचा, हा मात्र व्यापाराचा धर्म. खरा आकडा सरकारदरबारी नोंदलेला असतो. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर व शेतीयंत्रे तपासणारी संस्था आहे. तिथल्या अहवालात पीटीओवरची जास्तीत जास्त शक्ती, तेवढ्या कामाला लागणारे इंधन, ओढण्याची ताकद, उचलण्याची ताकद, सगळे मोजून लिहिलेले असते. उचलण्याची ताकदसुद्धा दोन ठिकाणी मोजतात, जोडाच्या टोकाशी आणि त्याच्या मागे ६१० मिलिमीटरवर. कारण वजनदार अवजाराचा भार मागेच लटकतो. दुकानात सांगतात तो आकडा कोणता, ते विचारावे. ज्या गाडीचा सौदा करायचा तिचा बुदनीचा अहवाल टेबलावर ठेवा म्हणावे. अहवाल न बघता सही करणे म्हणजे काटा न बघता कापूस तोलणे.

आता जे बुदनीच्या अहवालातही नाही आणि दुकानदाराच्या स्वप्नातही नाही, ते बघू.

दहा एकर कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टर आला. एकराला नांगरटीला दोन-अडीच तास, पंजीला एक, रोटाव्हेटर मारला तर दीड, पेरणीला एक. धरून चालू एकराला सहा-सात तास. दहा एकरांना साठ-सत्तर तास. मळणी, वाहतूक, बाजाराच्या फेऱ्या धरल्या तर शंभर. वर्ष संपले! ट्रॅक्टर परवडायचा तर त्याला वर्षाला हजार तास काम पाहिजे, असा हिशेब बँकांच्या जुन्या नियमांतच होता, आणि तोही बारमाही ओलिताची जमीन गृहीत धरून. राहिलेले नऊशे तास भाड्याने मारायचे. कोणाकडे? गावात आधीच गाड्या उभ्या. आणि कोरडवाहूत सगळ्यांना गाडी हवी असते ती मिरगाच्या त्याच आठ दिवसांत. बाकी दहा महिने ती गोठ्यात.

समजा आठ लाखांची गाडी, सहा लाख कर्ज, पाच वर्षे मुदत, सहामाही हप्ता, व्याज ११ टक्के. हप्ता पडतो ८० हजारांच्या घरात, वर्षाला १ लाख ६० हजार. हजार तास चालली तर तासाला १६० रुपये हप्त्याचे. चारशे तास चालली तर तासाला ४०० रुपये. डिझेल, ड्रायव्हर, टायर, क्लचप्लेट यांना अजून हात लागलेला नाही. रांगेत उभे राहून गावातच भाव पाडले तर भाड्याचा दर कुठे जातो, ते कोणी आम्हाला सांगायला नको. दुकानातल्या कागदावर हप्त्याचे कोष्टक असते, तासांचे नसते. तासांचे कोष्टक फक्त मालकाच्या डोक्यात असते, आणि पुष्कळदा तिसरा हप्ता थकल्यावरच ते पुरे होते. मग वसुलीवाले येतात. गाडी ओढून नेतात तेव्हा गावाला वाटते, याला ट्रॅक्टर पेलला नाही. पेलण्यासारखा तो मुळात नव्हता, एवढे साधे गणित विकताना कोणी मांडले नाही.

बैलजोडीचा हिशेब तर कोणीच धरत नाही. ज्वारीचा पेरा घटला, त्याबरोबर कडबा गेला. कडबा विकत घेऊन बैल पोसणे परवडेना म्हणून जोडी बाजारात गेली. जोडी गेली म्हणून शेणखत गेले, आणि डवऱ्यासाठी शेजाऱ्याच्या दारात उभे राहण्याची पाळी आली. कारण पऱ्हाटी कमरेला लागली की नेहमीचा ट्रॅक्टर तीत घालता येत नाही. म्हणजे नांगरटीला ट्रॅक्टर आणि डवरणीला भाड्याची जोडी, असा दुहेरी खर्च. आम्ही बैलाचे गोडवे गायला बसलेलो नाही. बैलामागे उन्हातान्हात जन्म घालवणे ज्यांनी भोगले ते यंत्राला नाही म्हणणार नाहीत. पण विकणारा 'जोडीचा खर्च वाचेल' म्हणतो, तेव्हा कोणता खर्च वाचतो आणि कोणता नवा दारात येतो, हे फक्त आपल्याला ठाऊक असते.

रोटाव्हेटरचेही तसेच. माती पिठासारखी होते, डोळ्याला बरे दिसते. पण दरसाल त्याच चार-पाच इंचांवर पाती फिरत राहिली की खाली थर घट्ट होतो, पाणी मुरायचे थांबते आणि कपाशीचे सोटमूळ तिथेच वाकते. उन्हाळ्यात आपली काळी जमीन स्वतःच फाटते, भेगांतून वरची माती खाली जाते. वखराची पाळी घालणाऱ्या आजोबांना हे माहीत होते. शेतीची पदवी घेतलेल्या आमच्यासारख्यांनी त्याला पुढे जड नावे दिली.

जाणकार मालक आणि अडाणी विक्रेता ही स्थिती आली कशी? पूर्वी रांग होती. स्कूटरला नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी ट्रॅक्टर सरकारी महामंडळांमार्फत वाटले जात. रांगेतल्या गिऱ्हाइकाला माल समजावून सांगायची गरज काय? १९९१ नंतर रांग गेली, दुकाने चकाचक झाली, स्पर्धा आली ही चांगलीच गोष्ट. पण स्पर्धा रंगात, हप्त्यात आणि बक्षिसाच्या चांदीच्या नाण्यात झाली. ज्ञान होते तिथेच राहिले, शेतात आणि मिस्त्रीच्या टपरीत. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ साली घेतला. त्या गाड्यांना आता ना कंपनी, ना प्रतिनिधी, ना शोरूम. तरीही जिथे त्या चालतात, तिथे मालकाच्या आणि मिस्त्रीच्या ज्ञानावरच चालतात. आणखी कोणता दाखला हवा?

त्याच एचएमटीच्या घड्याळावरून एका धानाला नाव मिळाले, हे पूर्व विदर्भात पोराबाळांना ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ च्या सुमारास वावरात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडत गेले आणि एचएमटी वाण उभे केले. १९९८ साली अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी प्रसिद्ध केले. वाणाचा धंदा कुठवर गेला आणि दादाजींना २०१८ मध्ये मरेपर्यंत काय मिळाले, ते सर्वांना माहीत आहे. वापरणाऱ्याचे ज्ञान लिहिलेले नसते, म्हणून ते कोणाच्याही नावावर चढते.

याचा अर्थ शेतकऱ्याचे सगळेच खरे, असा नाही. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवले, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते म्हणून लोक ते घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. विषाची समजूत चुकीचीच होती. पण लक्ष्मणराव टिकून राहिले. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या वावरात रुजला. शंका काढणाऱ्या गिऱ्हाइकासमोर दोन वर्षे उभा राहणारा विक्रेता आज कोणत्या शोरूममध्ये आहे?

आता मात्र खरा धोका पुढे आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागू झाले. धूर कमी व्हावा, याला आमची हरकत नाही. पण त्यासाठी इंजिनावर संगणक बसला. बिघाड झाला की लाल दिवा लागतो आणि तो का लागला, हे वाचायला कंपनीचे यंत्र लागते. मिस्त्रीचे पान्हे तिथे मुके. पेरणीच्या ऐन चार दिवसांत गाडी बंद पडली आणि कंपनीचा माणूस अकोल्याहून पाचव्या दिवशी आला, तर दुबार पेरणीचे बियाणे कोण देणार? अमेरिकेत हे आधी घडून गेले. जॉन डिअर कंपनीच्या गाड्या स्वतः दुरुस्त करता याव्यात म्हणून तिथले शेतकरी वर्षानुवर्षे भांडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रे दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने कंपनीवर खटला भरला. हजार हजार एकरांचे ते मालक, तरी त्यांना आपल्याच गाडीचे बॉनेट उघडायला कायदा लागला. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीयंत्रे तिच्या कामात धरली आहेत. समितीच्या टेबलावर कंपन्यांचे कागद पोचतील. आपले कोण पोचवणार?

म्हणून शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घोषणा कमी आणि वह्या जास्त आणा. ज्याच्या घरी एमएच ३७ चा किंवा आणखी कुठल्याही नंबरचा ट्रॅक्टर आहे, त्याने एका पानावर एवढे लिहावे : गाडीचे नाव व साल, तासमीटर किती, जमीन भारी की हलकी, नांगरटीला व रोटाव्हेटरला तासाला डिझेल किती, आजवर काय काय मोडले, सुटा भाग कितीला आणि किती दिवसांनी मिळाला, वर्षात घरचे तास किती, भाड्याचे किती, हप्ता किती. हिशेब घरातल्या बाईच्या हाती असेल तर पान तिनेच भरावे. आकडे जास्त खरे येतील. ड्रायव्हर आणि मिस्त्री यांनाही बरोबर आणावे. ज्यांची गाडी ओढून नेली त्यांनी तर जरूर यावे, लाज धरू नये. त्यांचे पान सगळ्यांत मोलाचे.

सहाही तालुक्यांची पाने तालुकावार आणि गाडीवार लावून त्यांची एक वही करू. प्रत प्रत्येक गावशाखेत राहील. दसऱ्याला कोणी दुकानात जायचे ठरवले तर आधी वही बघावी, मग बुदनीचा अहवाल, मग चहा प्यावा. विकताना दिलेले आश्वासन दुकानाच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जायची वेळ आली, तर तोंडी बोलण्याला तिथे वजन नाही.

पाने आखून छापलेली आहेत, तालुकाप्रमुखांकडे मिळतील. शाई पसरते, म्हणून बॉलपेनने भरावीत.