कुऱ्हाड आणि पलिता कोणाच्या हुकमाने?

सरकारी जंगलात मोठी खाण काढावयाची असेल, तर आज निदान कागदोपत्री तरी पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन करावे लागते आणि जनसुनावणीचा देखावा का होईना उभा करावा लागतो. परंतु त्याच जंगलात वनखात्याने स्वतः कुऱ्हाड चालवावयाची ठरवली, अथवा स्वतःच्या हाताने आग लावावयाची ठरवली, तर त्या निर्णयाची जाहीर तपासणी करण्याचे बंधन कोणावरही नाही. २००६ सालच्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेच्या परिशिष्टात खाणी आहेत, धरणे आहेत, कारखाने आणि महामार्ग आहेत. जंगलतोड त्यात नाही. जंगल तोडणे व जाळणे हा जणू खात्याचा घरगुती मामला आहे, असे गृहीत धरले गेले आहे. हे गृहीतच आज तपासावयास हवे.

तोडीचा निर्णय होतो कसा? प्रत्येक वनविभागाची एक ‘कार्य आयोजना’ असते. साधारणतः दहा वर्षांत कोणत्या कूपात किती व कोणती झाडे पडावयाची, कोठे रोपवन लावावयाचे, जाळरेषा कोठे काढावयाच्या, हे सारे तीत ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात केंद्राने मंजूर केलेल्या आयोजनेखेरीज तोड करण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु त्या आदेशाने आयोजनेवर केंद्राची मोहोर आली, गावाची आली नाही. ती एक अधिकारी लिहितो, दुसरा तपासतो आणि तिसरा मंजूर करतो. ज्या गावाच्या शिवेला ते जंगल लागून आहे, त्याला आयोजनेचा पत्ता बहुधा झाडांवर हातोड्याचे ठसे उमटल्यावर लागतो.

या पद्धतीची किंमत विदर्भाने मोजली आहे. १९७२ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने ‘उत्पादक वनशेती’ची शिफारस केली. कमी मोलाची मिश्र जंगले सरसकट तोडून तेथे कारखानदारीला उपयोगी अशी झाडे लावावीत आणि त्यासाठी स्वायत्त महामंडळे काढावीत, असा तिचा आशय होता. १९७४ साली महाराष्ट्रात वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि राज्याचे तीन लाखांहून अधिक हेक्टर जंगल त्याच्या ताब्यात गेले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात मिश्र जंगल तोडावयाचे, पालापाचोळा व फांद्या जाळावयाच्या आणि त्या राखेत सागाच्या जड्या लावावयाच्या, असा क्रम सुरू झाला.

‘कमी मोलाचे’ हा शब्द येथे नीट पाहण्याजोगा आहे. मोह, चारोळी, तेंदू, आवळा, बेहडा यांना मोल नाही, असे कोणाच्या हिशेबाने ठरले? लाकडाच्या आगारातील लिलावात मोहफुलाला बोली लागत नाही, हे खरे. परंतु चैत्रात धान्याची कोठी रिकामी होते तेव्हा गोंड व माडिया कुटुंबाचा आधार हीच झाडे असतात. सागाच्या रोपवनात ना फूल वेचावयास मिळते ना फळ. म्हणजे ज्याला विकास म्हटले गेले, ती वस्तुतः भूमिहीनाच्या कोठारातून सरकारी तिजोरीत झालेली बदली होती. जाहीर तपासणी झाली असती, तर हा हिशेब कोणीतरी मांडला असता. म्हणूनच ती नको होती.

हे दुःख एकट्या विदर्भाचे नव्हे. सिंहभूमच्या सालवनांत सागाची रोपवने आली, तेव्हा १९७८ पासून आदिवासींनी ती उखडली आणि ८ सप्टेंबर १९८० रोजी गुआ येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. गढवालात १९७४ साली रैणीच्या स्त्रियांनी झाडांना मिठी मारण्याची तयारी ठेवली, तेव्हा कोठे सरकारला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्रकुमार यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने शेवटी गावकऱ्यांचेच म्हणणे उचलून धरले आणि अलकनंदेच्या पाणलोटात दहा वर्षे व्यापारी तोड थांबली. जी तपासणी तोडीआधी कर्तव्य म्हणून व्हावयास हवी होती, ती स्त्रियांना प्राण पणाला लावून मिळवावी लागली.

आता पलित्याकडे वळू. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्या प्रत्येकाने वणवा विझवावयास धावणे बंधनकारक आहे. आग विझवण्याची सक्ती आदिवासीवर. परंतु खाते जाळरेषा केव्हा व कशी जाळणार, हे विचारण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. बेवराची आग हा अपराध ठरला आणि रोपवनासाठी लावलेली आग हे शास्त्र ठरले.

या शास्त्राचा इतिहासही नम्र करणारा आहे. इंग्रजी वनखात्याने १८६० नंतर आगबंदीचे धोरण राबवले. काही दशकांनी बंगाल व आसामच्या सालवनांत सालाची रोपे उगवेनाशी झाली, कारण आगीअभावी जमिनीवर दाट झुडुपांचे रान माजले होते. आणि खात्यालाच पुन्हा जाळणीकडे वळावे लागले. कर्नाटकातील बिळिगिरिरंगन टेकड्यांत सोलिगा लोक थंडीच्या अखेरीस पाचोळ्याची हलकी आग फिरवीत. १९७४ साली अभयारण्य झाल्यावर ती बंद पडली. नंतर घाणेरीने जंगल व्यापले, आवळ्यावर बांडगुळे वाढली, आणि याचा संबंध थांबलेल्या आगीशी आहे हे सोलिगा सांगत राहिले. संशोधकांनी त्यांच्या या ज्ञानाची नोंद पुढे केली.

तथापि याचा अर्थ प्रत्येक आग हितकारक आहे, असा नव्हे. हिवाळ्याच्या अखेरची हलकी आग आणि एप्रिलमधील वणवा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तेंदूची कोवळी पाने भरघोस फुटावीत म्हणून ठेकेदारीच्या व्यवहारात लावली जाणारी आग रोपांचा दरवर्षी संहार करते. नियंत्रित जाळणीही हातातून सुटू शकते. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात तेथील वनसेवेने लावलेल्या दोन जाळण्या भडकून एकत्र आल्या आणि सुमारे ३ लाख ४१ हजार एकर प्रदेश होरपळला. शेकडो कुटुंबे बेघर झाली. जंगल किती कोरडे पडले आहे याचा अंदाज चुकला होता, हे वनसेवेच्या स्वतःच्या चौकशीतच निघाले. तेथे १९७० पासून सार्वजनिक जंगलातील तोड व जाळणीची जाहीर तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तिने तो अनर्थ टळला नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु आगीला कोण जबाबदार हे दडपता आले नाही आणि त्याच वर्षी भरपाईचा कायदा करावा लागला. आता २०२५ साली तेथील सरकारने या तपासणीचे नियमच आखडते घेतले आहेत. लाकूडधंद्याला लोकांचे प्रश्न कोठेच रुचत नाहीत.

आमच्याकडील अधिकारी म्हणतील, वनशास्त्र हा तज्ज्ञांचा विषय. गावकऱ्यांना विचारत बसलो तर जंगल वणव्यात जाईल. परंतु जी आयोजना दहा वर्षांसाठी असते, तिच्यावर दोन महिने गावांचे ऐकून घेतल्याने कोणते आकाश कोसळणार आहे? आणि गावाला जबाबदारी पेलत नाही, हा आक्षेप तर अनुभवाने खोटा ठरवला आहे. मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे आजही निर्णय सर्वसहमतीने होतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता न तोडण्याचे ठरवले, कारण त्यासाठी आग लावावी लागते आणि फांद्या छाटाव्या लागतात. हातचे उत्पन्न सोडून जंगल राखण्याचा असा निर्णय कोणत्या महामंडळाने कधी घेतला आहे?

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक जंगलाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे तो आहे. म्हणून आपल्या चळवळीने पुढील मागण्या नेटाने लावून धरल्या पाहिजेत. प्रत्येक कार्य आयोजनेचा व महामंडळाच्या योजनेचा मसुदा, कूपांच्या नकाशासह, मंजुरीआधी मराठीत प्रसिद्ध व्हावा. ग्रामसभेत तो गोंडी-माडियातून समजावून सांगितला जावा. मोह-चारोळीपासून पाण्याच्या झऱ्यांपर्यंत काय नष्ट होणार, याचा हिशेब त्यात असावा. प्रत्येक हरकतीला सकारण लेखी उत्तर मिळावे. सामूहिक हक्काच्या जंगलात ग्रामसभेच्या संमतीवाचून एक झाड पडू नये. जाळणीची तारीख, जागा, मनुष्यबळ व जबाबदार अधिकारी आधी जाहीर व्हावेत, आणि आग सुटली तर भरपाई खात्याने द्यावी. उन्हाळ्याचे चार दिवस रोजंदारीवर वणव्यापुढे उभ्या केल्या जाणाऱ्या हंगामी अग्निरक्षकाला पुरी मजुरी, साधने व विम्याचे संरक्षण मिळावे.

जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्याच्या जुलमाचा जाब विचारला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या शेतकऱ्यांनी जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलल्या. तेव्हा राज्य परक्याचे होते. आज ते आपले म्हणवते, आणि जंगलाला सार्वजनिक मालमत्ता म्हणते. मग त्या मालमत्तेवर कुऱ्हाड घालण्याआधी तिच्या मालकाला विचारण्याची लाज त्याला का वाटावी? येत्या ग्रामसभांमधून आपल्या कार्यकर्त्यांनी प्रथम कार्य आयोजनेची प्रत मागावी. लढ्याची सुरुवात त्या एका कागदापासून करता येईल.