ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बाईचा अर्ज कोण घेणार?

प्रति,
महिला व बाल विकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर महिलांचा पोषण आहार, तपासणी आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे.

महोदय,

दसरा उरकला की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केजच्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर भरायला लागतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तोवर लग्नात, आजारपणात नाहीतर पेरणीत संपलेली असते. ती फेडायला नवरा-बायको दोघांनी मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, व्हायचं आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट बेळगावकडे निघायचं. परत यायचं ते मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर. या गर्दीत गरोदर बाया असतात, हे आता कुणाला सांगायची गरज उरलेली नाही. आरोग्य विभागाने केलेल्या तपासणीची जी आकडेवारी २०२५ मध्ये बाहेर आली, तिच्यात बीडमधून ऊसतोडीला गेलेल्या १,५२३ गरोदर महिलांची नोंद होती. रक्तक्षय असलेल्या ३,४१५ जणी होत्या आणि हंगामाला निघण्याआधी गर्भपिशवी काढून घेतलेल्या ८४३.

मोजणी शासनानेच केलेली आहे. तेव्हा या १,५२३ जणींपैकी किती जणींना उसाच्या फडात असताना अंगणवाडीचा आहार मिळाला, किती जणींची महिन्याची तपासणी झाली आणि किती जणींच्या खात्यात मातृवंदनेचा हप्ता पडला, हे विचारायचं ते शासनालाच.

कायद्यात संदिग्धता नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मधील चौथं कलम प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला दोन हक्क देतं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार, आणि किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ. सरकारी नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ मिळणाऱ्या महिला तेवढ्या वगळल्या आहेत. ऊसतोड करणारी बाई वगळलेली नाही. ती फक्त अर्ज घेणाऱ्या कार्यालयापासून तीनशे-चारशे किलोमीटर दूर असते.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा कागद आणि ऊसतोड करणाऱ्या बाईचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून पाहावं. समजा, एखाद्या बाईची शेवटची पाळी १० ऑगस्टला आली. ऑक्टोबरच्या शेवटी गाडी निघते तेव्हा तिला जेमतेम अडीच महिने झालेले असतात. तिसरा महिना सरेपर्यंत पोटुशी असल्याचं चारचौघांत बोलायचं नाही, ही रीत अजून टिकून आहे. त्यामुळे आशाताईच्या वहीत नाव नाही, माता-बाल संरक्षण कार्ड नाही. पहिला ३,००० रुपयांचा हप्ता मिळायचा तर गर्भधारणेची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी व्हायला हवी. ही मुदत १० फेब्रुवारीला संपते. त्या दिवशी ती फडात असते. ती गावी परतते तेव्हा आठवा महिना सरत आलेला असतो. अर्ज करायला शेवटच्या पाळीपासून ५७० दिवस मिळतात, हे वाचायला उदार वाटतं. पण तपासणीची तारीख एकदा हुकली की उरलेल्या दिवसांचा तिला काही उपयोग नसतो.

तिकडच्या उपकेंद्रात तपासणी करता येतेच की, असं उत्तर येईल. कागदावर येतेच. पण कोप्यांचा, म्हणजे झोपड्यांचा, तळ गावाबाहेर असतो, गाडी भरायची वेळ रात्री-अपरात्रीची असते आणि कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. खाड्याचे ५०० ते १,००० रुपये उचलीच्या हिशेबात चढतात. तपासणी फुकट, पण तिच्यासाठी लागणारा दिवस विकत घ्यावा लागतो. शिवाय कोयता जोडीचा असल्याने एकीच्या खाड्याने दोघांची मजुरी घसरते. म्हणून पोटात बाळ असताना ती मोळी डोक्यावर घेते आणि फळीवरून ट्रकवर चढते.

आहाराचंही तेच. कायद्याच्या परिशिष्टात गरोदर बाईला दिवसाला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा आहार ठरवलेला आहे. तो घरी न्यायचा आहार गावच्या अंगणवाडीत येतो आणि ती गावात नसते. गावच्या सेविकेने पोषण ट्रॅकरवर स्थलांतर नोंदवलं आणि तिकडच्या सेविकेने नाव उतरवून घेतलं, तर आहार तिकडे मिळू शकतो. मात्र तळावरची बाई तिकडच्या सेविकेच्या हद्दीत राहते की शेजारच्या, हे ठरेस्तोवर फड संपतो आणि तळ हलतो. त्यात १ जुलै २०२५ पासून हा आहार घेताना चेहऱ्याची ओळख पटवणं आणि त्याआधी ओटीपीने आधार पडताळणं सक्तीचं झालं. आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याकडे, नवरा फडात, सिमकार्ड मागच्या हंगामात बदललेलं. ओटीपी येणार कुणाकडे? स्वस्त धान्य दुकानातला गहू-तांदूळ ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे देशात कुठेही अंगठ्यावर मिळतो. त्याच कायद्यातला गरोदरपणाचा आहार मात्र तळापर्यंत पोचत नाही.

बाळंतपण तिकडेच झालं तर कागदांची दुसरी फेरी सुरू होते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे, २१ दिवसांच्या आत. लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. या लसी पूर्ण झाल्या आणि जन्माची नोंद असली की मातृवंदनेचा दुसरा २,००० रुपयांचा हप्ता. यातली एक लस कोल्हापूरच्या शिवारात, दुसरी राहून गेलेली, तिसरी गावी आल्यावर. कार्ड कोपीत भिजलं तर त्यातलं काहीच सिद्ध करता येत नाही.

या जिल्ह्यात आणखी एक अट बोचते. कायदा ‘प्रत्येक’ गरोदर महिलेविषयी बोलतो. योजना मात्र पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये देते आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तरच एकरकमी ६,०००. तिसऱ्या खेपेला काहीच नाही. मुलीच्या जन्माचं स्वागत हा हेतू चांगला आहे आणि बीडला त्याची गरजही होती. २००१ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये त्या ८०७ वर आल्या. २०१२ मध्ये परळीतल्या गर्भलिंगनिदानाच्या आणि गर्भपातांच्या प्रकरणाने सारा महाराष्ट्र हादरला होता. पण दोन मुली असलेल्या बाईला तिसऱ्यांदा दिवस जातात, तेव्हाच तिच्यावर मुलासाठीचा दबाव सगळ्यात जास्त असतो. नेमक्या त्या गरोदरपणात शासनाच्या यादीतून तिचं नाव गळतं.

आणि लवकर लग्न झालेल्या मुलींचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कोयत्याला जोडी लागते आणि वयात आलेली मुलगी मागे एकटी ठेवायला आई-बाप धजत नाहीत, ही त्यामागची दोन ठळक कारणं. यांतली कुणी सतराव्या वर्षी गरोदर राहिली तर मातृवंदनेत ती बसत नाही आणि नाव नोंदवलं तर पोलीस येतील या धाकाने घरचे दवाखान्याचीही पायरी चढू देत नाहीत. सगळ्यात जास्त जोखीम असलेली गरोदर मुलगी अशी कुठल्याच वहीत सापडत नाही.

या सगळ्याचा शेवट कुठे होतो, हे २०१९ मध्ये विधिमंडळातच सांगितलं गेलं. बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली. ८२,३०९ महिलांची माहिती घेतली तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा, दुखणं अंगावर काढणं, लागोपाठची बाळंतपणं आणि मग ‘पिशवी खराब झालीय’ असं सांगणारा खाजगी दवाखाना. पहिल्याच गरोदरपणात तिला लोहाच्या गोळ्या, तपासणी आणि चार दिवसांची विश्रांती मिळाली असती, तर यांतल्या कित्येकींची वाट वेगळी झाली असती. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या प्रश्नांची स्वतःहून दखल घेतली, तरी त्यानंतरच्या हंगामाआधीची ८४३ ही संख्या समोर आहेच.

शासनाला हे जमत नाही असं म्हणायला जागा नाही. २०२४ मध्ये याच विभागाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जूनअखेर जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये खात्यांत पैसे पडू लागले. दोन कोटींहून अधिक महिलांपर्यंत ती काही महिन्यांत पोचली. गावोगावचे अर्ज भरायला याच अंगणवाडी सेविका बसल्या होत्या. स्थलांतरित गरोदर माता आणि बालकांचा माग ठेवणारी मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टीमही याच विभागाने २०२२ मध्ये जाहीर केली होती. आदिवासी भागातल्या गरोदर बायांना डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून रोज एक वेळचं ताजं जेवण मिळतं. मुलांसाठी कारखान्यांच्या तळांवर एकेकाळी साखरशाळा चालल्या. माणसं जिथे जातात तिथे सेवा नेता येते, याचे हे सगळे दाखले घरचेच आहेत.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांना तारखा आहेत.

सप्टेंबर ते दसरा या काळात ऊसतोडीच्या प्रत्येक गावात हंगामपूर्व नोंदणी व्हावी. आशाताईने निश्चय किटने गर्भधारणेची चाचणी घरी, गाजावाजा न करता करावी आणि पहिली तपासणी, माता-बाल कार्ड, मातृवंदनेचा अर्ज हे तिन्ही गाडी हलण्याआधी पूर्ण व्हावं. वयामुळे योजनेत न बसणाऱ्या मुलीला तपासणी आणि आहार आधी मिळावा, चौकशी नंतर व्हावी.

साखर आयुक्तालय दर हंगामाला कारखान्यांना गाळप परवाना देतं आणि शेतकऱ्यांच्या उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) थकला असेल तर तो अडवतं. कोणत्या गावचा कोयता कोणत्या गटात आहे, हे कारखान्याच्या शेतकी कार्यालयाला रोजच्या रोज माहीत असतं. प्रत्येक तळाची जबाबदारी कोणत्या अंगणवाडीकडे आणि कोणत्या उपकेंद्राकडे आहे, याची यादी परवान्यासोबत जोडणं बंधनकारक करावं.

तळावर आहार देताना हंगामापुरती चेहऱ्याच्या ओळखीची सक्ती नसावी, कार्ड पाहून पाकीट मिळावं. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नये आणि त्या दिवसाची मजुरी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने द्यावी. टनामागे १० रुपये कारखान्याचे आणि तेवढेच शासनाचे, अशी या महामंडळाच्या निधीची रचना आहे. त्या पैशांचा याहून सरळ उपयोग शोधायला समिती नेमावी लागणार नाही.

अपत्याच्या क्रमांकाची अट केंद्राची आहे, हे मान्य. पण तमिळनाडू डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतून पोषण किटसह १८,००० रुपयांचा लाभ स्वतःचे पैसे घालून देतं. ऊसतोड कुटुंबांपुरता तिसऱ्या गरोदरपणाचा ६,००० रुपयांचा भार महाराष्ट्राला पेलणार नाही, असं नाही.

शेवटची मागणी माहितीची. त्या १,५२३ जणींपैकी आहार, तपासणी आणि हप्ता किती जणींना मिळाला, याचा तालुकानिहाय तक्ता बीड जिल्हा परिषदेच्या आणि संबंधित ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावा. नावं नकोत, फक्त संख्या. पुढच्या हंगामाच्या गाड्या भरण्याआधी तो लागला, तर निघणाऱ्या बायांना निदान कोणत्या अंगणवाडीत जाऊन काय मागायचं, हे विचारून घेता येईल.

कळावे,
बीड जिल्ह्यातील एक नागरिक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
सार्वजनिक आरोग्य विभाग, मंत्रालय, मुंबई
साखर आयुक्त, पुणे
गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, बीड