पर्समधली चित्रवही

मैत्रिणींनो, शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्या आपल्यात कितीतरी जणी असतील. लग्नानंतर रंगपेटी मुलांची झाली नि आपला हात थांबला. तो पुन्हा चालू करायला वेगळी खोली नको की टेबल नको. पर्समध्ये मावेल अशी ए-५ आकाराची, जाड पुठ्ठ्याची चित्रवही घ्या. पुठ्ठ्याचाच आधार होतो. पेन्सिलीला १०० जीएसएमचा कागद पुरतो, जलरंगाला मात्र ३०० चा बरा, पातळ कागद फुगतो. रेषेला एचबी, छायेला ४बी पेन्सिल आणि खोडरबर, बस्स! आम्ही चिखलीत शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट पाहतो, तेवढ्या दहा मिनिटांतही भाजीची गाडी काढून होते. वहीवर नाव मात्र स्वतःचेच घाला हं!