सफरीतले पंक्चर

पुण्याहून सायकलने महाबळेश्वरला निघालेली मंडळी पसरणीच्या घाटाची धास्ती घेतात. पण फजिती होते ती बहुधा सपाट महामार्गावर. ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून निघालेल्या केसासारख्या बारीक तारा रस्त्याच्या कडेला विखुरलेल्या असतात आणि सायकल तर कडेनेच चालते.

ढाब्याशेजारी पंक्चरवाला भेटतो, पण तो ट्रक-मोटारींचा. गिअरच्या सायकलची ट्यूब त्याच्याकडे नसते आणि बारीक मानेच्या प्रेस्टा व्हॉल्व्हवर त्याची हवेची नळीही बसत नाही. त्यासाठी पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो. बोटाच्या पेराहून लहान असलेली ही वस्तू किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवावी.

जवळ दोन ट्यूब हव्यातच. टायरच्या बाजूवर छापलेला आकार, उदाहरणार्थ ७०० × २८, पाहूनच त्या घ्याव्यात. जुन्या मोज्यात गुंडाळल्या, तर पिशवीत घासून खराब होत नाहीत. रस्त्यात पॅच चिकटवत बसू नये. ट्यूब बदलून पुढे निघावे आणि पॅचचे काम मुक्कामावर करावे. तरीही काचपेपर, पॅच आणि सोल्युशन बरोबर असावे, कारण दोन्ही ट्यूब संपल्या तर तोच आधार. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की काही महिन्यांत आत सुकते, म्हणून निघण्यापूर्वी दाबून पाहावी. सोल्युशन लावल्यावर पाचेक मिनिटे वाळू द्यावे लागते. तेवढा धीर नसल्यामुळेच पुष्कळांचे पॅच सुटतात.

टायर उचकटायला प्लॅस्टिकचे लिव्हर घ्यावेत. स्क्रू ड्रायव्हरने नवी ट्यूबही फाटते. चाक नटाचे असेल, तर बहुधा १५ नंबरचा पाना लागतो. छोटा पंप तर हवाच, पण तो आपल्या व्हॉल्व्हवर बसतो की नाही, हे घरीच पाहिलेले बरे.

नवी ट्यूब घालण्याच्या घाईत मूळ चोर टायरमध्येच राहतो आणि दोन किलोमीटरवर पुन्हा हवा जाते. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. तार असेल तिथे तो अडकतो. ती ओढून काढायला घरातला भुवया कोरायचा चिमटा उत्तम! ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन छिद्रे दिसली, तर मात्र तार शोधू नये. हवा कमी असताना खड्ड्यात चाक आपटून ट्यूब चिमटली, असे समजावे.

ब्रेव्हेसारख्या सफरीत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात आणि साथीची मोटार ठरलेल्या नाक्यांखेरीज मदत करू शकत नाही. तिथे ही पिशवी फारच मोलाची. दिवस मावळल्यावर पंक्चर झाले, तर मागचा लाल दिवा चालू ठेवूनच सायकल रस्त्यापासून चांगली दूर न्यावी. वळणावर तर मुळीच थांबू नये, हवा गेलेली सायकल ढकलत पुढे न्यावी. डोक्याला बांधायची बॅटरी असली, तर दोन्ही हात मोकळे राहतात.

टायरच चिरला असेल, तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावतात. तोही नसेल, तर घडी घातलेली नोट चालते. आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो, त्यामुळे तो बराच तग धरतो. घरी पोहोचल्यावर ती काढून घेता येते, जराशी चुरगळलेली!