पाटीवर नसलेले नाव

दक्षिण प्रशांत महासागरातील वानुआतु या द्वीपराष्ट्राच्या दक्षिण टोकाला अनेइत्युम नावाचे डोंगराळ बेट आहे. तेथील अनेलगाउहाट गावच्या चर्चमध्ये जॉन गेडी या प्रेस्बिटेरियन धर्मप्रचारकाच्या स्मरणार्थ एक पाटी लावण्यात आली होती. गेडी १८४८ मध्ये येथे उतरला तेव्हा बेटावर एकही ख्रिस्ती नव्हता आणि १८७२ मध्ये तो गेला तेव्हा एकही मूर्तिपूजक उरला नव्हता, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. मिशनच्या इतिहासात ही पाटी विलक्षण गाजली. यशाचा इतका नेटका ताळेबंद क्वचितच कोणाला मांडता आला असेल.

या पाटीवर एक नाव मात्र नाही. ते शार्लट गेडीचे. कोणत्याही कार्यकर्त्याच्या घरात वावरलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. कार्य नवऱ्याच्या नावे जमा होते आणि ज्या चुलीवर ते उभे राहते, ती चूल इतिहासाच्या नोंदीत येत नाही. परंतु अनेइत्युमवर नेमके काय घडले हे समजून घ्यायचे, तर त्या चुलीपासूनच सुरुवात करावी लागते.

जॉन हा घड्याळे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा. जन्म स्कॉटलंडचा, वाढला कॅनडातील नोव्हा स्कोशियात. अंगकाठी लहानखुरी. शार्लट ही तेथील एका डॉक्टरची मुलगी. १८३९ मध्ये दोघांचा विवाह झाला. परदेशात मिशन पाठवण्याइतके नोव्हा स्कोशियाचे चर्च काही श्रीमंत नव्हते आणि तेथील अनेक धुरीणांना ही कल्पनाच अव्यवहार्य वाटत होती. गेडीने हट्टाने होकार मिळवला आणि निघण्यापूर्वी छपाई, गिलावा व औषधोपचार यांचे जुजबी ज्ञान संपादन केले. नोव्हेंबर १८४६ च्या अखेरीस हे दांपत्य मुलाबाळांसह हॅलिफॅक्सहून निघाले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून, हवाई व सामोआ येथे मुक्काम करीत ते अनेइत्युमला पोहोचले तेव्हा दीड वर्ष उलटून गेले होते.

तेथे त्यांची वाट कोणी पाहत नव्हते. बेटासमोरच्या इन्येउग या चिमुकल्या द्वीपावर पॅडन नावाच्या व्यापाऱ्याचे चंदनाचे ठाणे होते. आपल्या देवघरात सहाणेवर उगाळले जाते, त्याच जातकुळीचे हे लाकूड. त्या बेटांवरून ते चीनमध्ये जाई आणि त्याच्या मोबदल्यात चहा येई. चंदनाच्या जहाजांवरील खलाशांचे वर्तन असे होते की, गोरा माणूस म्हटला की बेटवासीयांनी सावध व्हावे. शिवाय गेडीच्या आधी, १८४१ पासूनच, सामोआचे ख्रिस्ती शिक्षक तेथे हिवतापाशी झुंजत राहिले होते. या सावळ्या प्रचारकांची नावेही पाटीवर नाहीत, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

गेडी दांपत्याचे दैनंदिन जीवन भाषेपासून सुरू झाले. त्या भाषेला लिपी नव्हती. माणसांशी बोलत, शब्द टिपत, चुकत आणि सुधारत त्यांनी ती आत्मसात केली. जॉनने सोबत आणलेल्या छोट्या यंत्रावर बाराखडीच्या पुस्तिका छापल्या. पुढे गावोगावी शाळा निघाल्या. त्या सूर्योदयालाच भरत, कारण नंतर लोकांना तारोच्या वाफ्यांकडे जायचे असे. पोवळ्याचे दगड भाजून चुना करायचा, भिंती लिंपायच्या, आजाऱ्यांना औषध द्यायचे आणि रात्री दिव्याच्या उजेडात भाषांतराला बसायचे, हे जॉनचे काम. शार्लटने बेटावरच्या मुली आपल्या घरी ठेवून घेतल्या. शिवण, वाचन, स्वच्छता आणि स्वयंपाक हे सारे त्या तिच्याबरोबर राहून शिकत. स्त्रियांचे वर्गही तिचेच. उंबऱ्याच्या आत ही घडण चालली होती. प्रवचनाने जे साधले नसते ते एका नांदत्या घराने साधले.

किंमतही त्या घराने मोजली. टपाल घेऊन येणाऱ्या मिशनच्या जहाजाची वाट महिनोन्महिने पाहावी लागे. थोरल्या मुलीला कोवळ्या वयातच शिक्षणासाठी इंग्लंडला धाडावे लागले. १८५१ मध्ये मध्यरात्री घराला आग लावण्यात आली, त्यातून कुटुंब थोडक्यात बचावले. तरीही ते हलले नाहीत. आपल्या मताशी न जुळणाऱ्या माणसाच्या चिकाटीला दाद देण्यात कोणताही कमीपणा नाही.

त्यांच्या कार्यातील एक गोष्ट तर निर्विवाद चांगली होती. पती निवर्तला की त्याच्या पत्नीचा गळा आवळून तिलाही त्याच्याबरोबर पाठवण्याची चाल या बेटावर होती आणि हे काम तिचे जवळचे नातलगच करीत. गेडी दांपत्याने या चालीविरुद्ध दंड थोपटले. नोहोआट या प्रमुखासारखी वजनदार माणसे त्यांच्या बाजूला आल्यावर ती चाल बंद पडली. सतीची प्रथा पाहिलेल्या आपल्या समाजाने याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु मतभेद येथूनच सुरू होतो. १८२९ मध्ये बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा झाला, तेव्हा राजा राममोहन रॉय यांनी आपल्याच शास्त्रांचे दाखले देऊन त्या प्रथेविरुद्ध लढा दिला होता. विधवेचे प्राण वाचवण्यासाठी कोणाला आपले देव समुद्रात बुडवावे लागले नाहीत. अनेइत्युमवर मात्र हा विवेक झाला नाही. नत्मास म्हणजे बेटवासीयांचे पूर्वज व अदृश्य शक्ती, त्यांची पवित्र शिळांमधील वस्ती, काव्हाचे पेय, रात्रभर चालणारी नृत्ये, हे सारे विधवेच्या गळ्यातील फासाबरोबर एकाच गाठोड्यात बांधून अंधाराच्या नावे फेकून देण्यात आले. जो समाज वाफ्यावाफ्यातून पाणी खेळवून तारो पिकवत होता, त्याच्याकडे जपण्यासारखे काहीच नसेल, हे शार्लटसारख्या जाणत्या स्त्रीला तरी पटले असेल का? प्रश्न पडतो. पण तिच्या श्रद्धेत दुसऱ्या उत्तराला जागा नव्हती.

१८६० च्या सुमारास बेटाची साडेतीन हजारांच्या आसपासची जवळजवळ सारी वस्ती ख्रिस्ती झाली होती. अनेलगाउहाटला सुमारे हजार माणसे बसतील असे दगडी चर्च उभे राहिले. बायबलच्या छपाईचा खर्च बेटवासीयांनी भीक न मागता भागवला. ते आरारूट तयार करीत, ते परदेशी विकले जाई आणि पैसा छपाईखाती जमा होई. बेटाच्या दुसऱ्या बाजूला काम करणारे जॉन इंग्लिस हे विल्यमु नावाच्या अनेइत्युमी सहकाऱ्याला घेऊन इंग्लंडला गेले आणि १८६३ मध्ये त्या भाषेतील नवा करार छापून झाला. निधीसंकलनात आयुष्य घालवलेल्या कोणाही कार्यकर्त्याने हे आरारूट लक्षात ठेवावे.

मात्र त्याआधीच, १८६१ मध्ये, जहाजातून गोवर आला होता. या रोगाची ओळखच नसलेल्या शरीरांनी तग धरला नाही आणि काही महिन्यांत बेटावरील सुमारे एक तृतीयांश माणसे गेली. शेजारच्या एरोमांगो बेटावर या मृत्यूंचे खापर मिशनऱ्यांवर फुटले आणि नोव्हा स्कोशियाच्याच चर्चने पाठवलेले गॉर्डन दांपत्य त्याच वर्षी मे महिन्यात मारले गेले. गेडींच्या बेटावर कोणी त्यांच्यावर हात उचलला नाही. त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली आणि प्रेते पुरली. गोवर त्यांनी आणला नव्हता, तो व्यापारी जहाजांमधून कधीतरी आलाच असता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण ज्या समाजाचे वैदू, पूर्वज आणि विधी सारेच एका पिढीत निकालात निघाले होते, त्याच्यापाशी या संकटाचा अर्थ लावायला स्वतःचे असे काय उरले होते? मिशनच्या अहवालांत शाळा आणि सभासद मोजले गेले. हे मोजता येण्यासारखे नव्हते.

पुढे घटसर्पासारख्या साथी येत राहिल्या. दगडी चर्च मोठे वाटू लागले. १८७२ मध्ये जॉनला पक्षाघाताचा झटका आला. जुन्या कराराच्या छपाईवर देखरेख करण्यासाठी तो ऑस्ट्रेलियात गिलाँगला गेला होता, तेथेच त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला. १८७५ च्या त्सुनामीत ते भव्य चर्च उद्ध्वस्त झाले, त्याचे भग्नावशेष अजून तेथे आहेत. १८७९ मध्ये जुना करार छापून आला, तेव्हा तो वाचणारी वस्ती निम्म्याहूनही खाली आली होती. १९४० च्या सुमारास बेटावर केवळ दोनशेच्या आसपास माणसे उरली. जवळच्याच टान्ना बेटावर त्याच सुमारास लोक चर्च सोडून आपल्या जुन्या रीतीरिवाजांकडे, काव्हाकडे आणि नृत्यांकडे परतू लागले होते. अनेइत्युमवर तसे काही घडायला माणसेच फारशी नव्हती. पुढे वस्ती पुन्हा वाढली. आज तेथील लोक प्रेस्बिटेरियन पंथाला परका मानत नाहीत. तो त्यांच्या आजोबा-पणजोबांचा धर्म आहे. ज्या इन्येउगवर भुतांच्या भीतीने बेटवासी राहत नसत, तेथे आता पर्यटकांची अजस्र जहाजे थांबतात.

शार्लट पतीच्या मागे त्रेचाळीस वर्षे जगली. तिच्या दोन मुलींनीही याच द्वीपसमूहातील धर्मप्रचारकांशी विवाह केले. लुक्रेशिया टान्नावर गेली, एलिझाबेथ एफाटेवर, आणि आईने अनेइत्युमवर जो संसार मांडला होता तोच त्यांनी तेथे नव्याने मांडला. त्या मुलींचे बालपण ज्यांच्या सोबतीत गेले होते, त्या बेटावरच्या सवंगड्यांपैकी किती जणी १८६१ नंतर जिवंत होत्या, हे शार्लटला नावानिशी ठाऊक असणार. १९१६ मध्ये ऑस्ट्रेलियात तिचे निधन झाले.